पवनचक्कीला सरकार पैसे देतं ते फिरण्याचे की नुसतं उभं राहण्याचे?

माझा भाचा जुलैमध्ये मित्रांबरोबर ठोसेघरला गेला होता, धबधबा बघून झाल्यावर पोरं वर चाळकेवाडीच्या पठारावर गेली आणि तिथून त्याने मला फोटो पाठवला, ढग पार खाली उतरलेत, वाऱ्याने सगळ्यांचे रेनकोट फुगलेत, मागे ओळीने पवनचक्क्या फिरतायत आणि बरोब्बर मधली एक बंद. खाली त्याचा मेसेज, "मावशी, इथे धड उभं राहता येत नाहीये एवढा वारा आहे, मग ही का थांबलीये?" मलाच विचारलं कारण मी राहते कळव्याला, नोकरी रबाळ्याला एका फॅक्टरीच्या अकाउंट्समध्ये, आणि आमच्या कंपनीची स्वतःची एक पवनचक्की आहे पाटण तालुक्यात, तिच्या फायली गेली कित्येक वर्षं माझ्याच कपाटात आहेत.

एका फोटोवरून सांगता येत नाही हे खरंच. मशीन मेन्टेनन्सला असेल, गिअरबॉक्स गेला असेल, ग्रिडकडून, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं सांभाळणाऱ्यांकडून, थांबवायला सांगितलं असेल. पण जुन्या पंख्यांच्या बाबतीत अजून एक कारण असू शकतं आणि ते पैशाचं आहे. मालकाला दुरुस्तीवर खर्च करावासा वाटत नाही, कारण त्या पंख्याने त्याला जे द्यायचं होतं त्यातलं बरंचसं पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिलेलं असतं, आणि ते विजेतून नाही, इन्कम टॅक्समधून. आता हे नीट कळायला हवं असेल तर सरकार पवनऊर्जावाल्यांना कुठल्या कुठल्या वाटेने पैसे देतं ते बघायला लागेल, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पहिला प्रश्न, द्यावे तरी का लागतात? वारा तर फुकट आहे. तर गंमत अशी की वारा फुकट असल्यामुळेच अडचण होते. कोळशाच्या प्लांटला दर महिन्याला कोळसा घ्यावा लागतो, म्हणजे त्याचा खर्च वर्षानुवर्षं थोडा थोडा होत राहतो आणि वीज विकून तो भागतो. पवनचक्कीचं तसं नाही, जमीन, टॉवर, पाती, जनरेटर, सबस्टेशनपर्यंतची लाइन, डोंगरावर क्रेन न्यायची तर आधी रस्ता, हा सगळा खर्च पहिल्याच दिवशी, एक युनिट बनायच्या आधी. तो करायचा म्हणजे बँकेचं कर्ज, म्हणून पवनऊर्जेच्या युनिटच्या दरात मोठा हिस्सा असतो तो व्याजाचा. त्यात वारा काही रोज सारखा नसतो, आपल्याकडे सगळा जोर जून ते सप्टेंबर, दिवाळीनंतर पंखे सुस्तावतात, हप्ता मात्र बाराही महिने. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, त्यामुळे वेग थोडा जरी कमी पडला तरी उत्पन्न एकदम खाली येतं. असल्या धंद्यात स्वतःहून कोण पैसा घालेल, म्हणून सरकारला मध्ये पडावं लागलं. १९८६ च्या सुमाराला सरकारी खर्चाने पहिले प्रात्यक्षिक पंखे लागले, रत्नागिरीला, गुजरातेत ओख्याला, तामिळनाडूत तुतिकोरिनला, ५५ किलोवॅटचे एवढुसे. ते चालतात हे दिसलं, पण खाजगी पैसा आला तो टॅक्सची सवलत आल्यावर.

त्या सवलतीला म्हणतात ॲक्सिलरेटेड डेप्रिसिएशन, मराठीत वेगवान घसारा म्हणू. घसारा म्हणजे काय तर मशीन घेतलं की दरवर्षी ते झिजतं, तेवढी रक्कम खर्च म्हणून दाखवता येते आणि तेवढ्या नफ्यावर टॅक्स वाचतो. साध्या मशिनरीला हा दर वर्षाला १५ टक्के. पवनचक्कीला ९० च्या दशकात चक्क पहिल्याच वर्षी १०० टक्के होता, मग ८० टक्के झाला. हिशोब करून दाखवते म्हणजे डोक्यात बसेल. समजा ६ कोटींचा १ मेगावॅटचा पंखा घेतला. पहिल्या वर्षी ८० टक्के म्हणजे ४ कोटी ८० लाख खर्च दाखवला. टॅक्सचा दर ढोबळ ३० टक्के धरा, म्हणजे १ कोटी ४४ लाखांचा टॅक्स त्या वर्षी भरायचा वाचला. हा टॅक्स कायमचा माफ होत नाही बरं का, साधा घसारा धरला असता तरी तो पुढच्या बऱ्याच वर्षांत मिळून वाचलाच असता, फरक एवढाच की आता पैसा आज हातात राहिला, आणि ज्याच्यावर व्याज चालू आहे त्याला आज आणि दहा वर्षांनी यातला फरक विचारा. पुढच्या वर्षी उरलेल्या रकमेच्या ८० टक्के, असं करत करत ५ वर्षांनी त्या ६ कोटींच्या पंख्याची टॅक्सच्या पुस्तकातली किंमत किती राहते माहितीये? १९ हजार २०० रुपये. एखाद्या बऱ्यापैकी मोबाइलची किंमत. आणि पंखा मात्र डोंगरावर उभा आहे, नीट सांभाळला तर अजून पंधरा-वीस वर्षं फिरू शकतो.

आता यातली खोच बघा. ही सवलत मिळते ती मशीन उभं करून चालू केल्याबद्दल, किती युनिट बनले याच्याशी तिचा संबंध नाही. आणि ती उपयोगी कोणाला, तर ज्याला दुसऱ्या धंद्यात घसघशीत नफा आहे आणि टॅक्स वाचवायचाय त्याला. म्हणून सातारा-सांगलीच्या पठारांवर जे पंखे दिसतात त्यांचे मालक बघितले तर कोणी वाहनवाला, कोणी कापडवाला, कोणी औषधवाला, आणि आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्यासुद्धा कंपन्या. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्माच मिळतो, म्हणजे पूर्ण पाहिजे तर सप्टेंबर संपायच्या आत मशीन चालू व्हायला हवं, आणि निम्मा तरी पदरात पाडायचा तर ३१ मार्चच्या आत. मी नोकरीला लागले त्या सुमाराला मार्च महिन्यात आमचे साहेब सीएला फोनवर विचारायचे ते मी स्वतः ऐकलंय, "कमिशनिंग सर्टिफिकेट ३१ च्या आत हातात येतंय का?" जागेवर वारा किती आहे हे त्या आठवड्यात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पैसे ज्याचे मिळतात त्याकडेच माणूस लक्ष देणार. पण घाईत ठरवलेली जागा वीस वर्षं तशीच राहते, ती काही नंतर हलवता येत नाही.

हे दिल्लीतही लक्षात आलं होतं, म्हणून डिसेंबर २००९ मध्ये दुसरी वाट काढली, जनरेशन बेस्ड इन्सेन्टिव्ह, सगळे जीबीआय म्हणतात. ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे, विजेच्या दराच्या वर, इरेडा या सरकारी वित्तसंस्थेमार्फत. आधी मेगावॅटमागे जास्तीत जास्त ६२ लाख अशी मर्यादा होती, पुढे ती १ कोटी केली, आणि मुदत ४ ते १० वर्षं. घसारा किंवा जीबीआय, दोन्हीपैकी एकच घ्यायचं. आता तोच १ मेगावॅटचा पंखा घ्या. वर्षाचे तास ८७६०, पंखा सरासरीने क्षमतेच्या २० टक्के चालला असं धरा, तर वर्षाला १७ लाख ५२ हजार युनिट, गुणिले ५० पैसे म्हणजे ८ लाख ७६ हजार रुपये. ६२ लाख हातात यायला सात वर्षं सलग चांगला चालवावा लागेल. मशीन जुलैत एक महिना बंद पडलं की त्या वर्षाचा मोठा लचका गेला, म्हणजे मालक मे महिन्यातच ऑइल बदलून, बोल्ट आवळून, पाती तपासून तयार राहणार. मला सगळ्यात आवडलेली सवलत हीच, कारण तिने मालकाची नजर मीटरवर आणली. शिवाय ज्याला दुसरा धंदा नाही, नफा नाही, फक्त वीजच बनवून विकायचीये अशा नव्या कंपनीला घसाऱ्याचा उपयोगच होत नव्हता, तिला हे ५० पैसे कामाला आले.

मग २०१२ ला काय झालं, तर दोन्ही एकदम बंद. १ एप्रिल २०१२ पासून घसारा साध्या मशीनसारखा १५ टक्क्यांवर आणि जीबीआय ३१ मार्चला संपलेलं. परिणाम लगेच दिसला, २०११-१२ मध्ये देशात ३२०० मेगावॅटच्या आसपास नवीन पंखे लागले होते, पुढच्या वर्षी १७०० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मे. २०१३ ला जीबीआय परत आणलं, २०१४ ला ८० टक्के घसारा परत आणला, आणि २०१७ ला परत फिरवाफिरव, घसारा ४० टक्के, जीबीआय बंद, दहा वर्षांच्या करमाफीची जी ८०-आयए कलमाखाली सोय होती तीही नव्या प्रोजेक्टना बंद. या धरसोडीचा मला खरंच राग येतो. पाती बनवणारा कारखाना, टॉवरचं वेल्डिंग करणारी माणसं, ट्रेलरवाले, हे सगळं एक वर्ष दुप्पट आणि एक वर्ष निम्मं असं कसं चालवायचं? अमेरिकेतही हेच झालंय, तिथे १९९२ मध्ये युनिटमागे टॅक्स क्रेडिट आलं, दर थोड्या वर्षांनी त्याची मुदत संपायची आणि मग वाढवायचे, २०१२ मध्ये तिथे १३ हजार मेगावॅट लागले आणि २०१३ मध्ये हजारच्या आसपास. सवलत थोडी कमी असली तरी चालेल पण दहा वर्षं हलणार नाही हे माहीत असणं जास्त मोलाचं, असं माझं मत आहे.

आता तिसरी वाट, जी बिल भरणाऱ्याला सगळ्यात जवळची, ती म्हणजे ठरलेला दर. यात सरकार तिजोरीतून काही देत नाही, वीज नियामक आयोग सांगतो की पवनऊर्जेचं युनिट महावितरणने अमुक रुपयांना घ्यायचं, आपल्याकडे तो करार साधारण १३ वर्षांचा. बँकेला असा करार दाखवला की कर्ज मिळायला सोपं जातं, ही याची खरी ताकद. महाराष्ट्रात आयोगाने पुढे वाऱ्याप्रमाणे झोन पाडले, जिथे वारा कमी तिथे दर जास्त, जिथे वारा दांडगा तिथे दर कमी. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामागे विचार असा की सगळी गर्दी दोन-चार पठारांवरच होऊ नये आणि चांगल्या जागेवाल्याने फुकटचा नफा खाऊ नये. कमी वाऱ्याच्या झोनला एका वेळी ५ रुपयांच्या वर दर होता. तो खर्च महावितरणच्या वीजखरेदीत गेला आणि तिथून कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, सगळ्यांच्या बिलात वाटला गेला. म्हणजे घसाऱ्याचा भार टॅक्सवर, दराचा भार बिलावर.

२०१७ पासून हे ठरलेले दर मागे पडले आणि उलटा लिलाव आला. नेहमीच्या लिलावात बोली वर चढते, इथे खाली उतरते, जो सगळ्यात कमी दरात वीज देईन म्हणेल त्याला काम. फेब्रुवारी २०१७ च्या पहिल्या लिलावात दर निघाला ३ रुपये ४६ पैसे, ऑक्टोबरमध्ये २ रुपये ६४ पैसे, डिसेंबरात गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैसे. २०१८ मध्ये महावितरणच्या लिलावात २ रुपये ८५ पैसे. ग्राहक म्हणून बघितलं तर चांगलंच झालं, पाच रुपयांची वस्तू तीनच्या आत आली. पण एवढ्या दरात परवडायचं तर सगळ्यात जोरदार वाऱ्याची जागाच पाहिजे, म्हणून सगळे पळाले गुजरात आणि तामिळनाडूकडे. २०१६-१७ मध्ये जुन्या सवलती संपायच्या आत उरकून घ्यायच्या घाईने देशात ५५०० मेगावॅट लागले होते, पुढच्या वर्षी १८०० पेक्षाही कमी. देशात आज ५० हजार मेगावॅटच्या वर पवनऊर्जा आहे, त्यात आपला वाटा ५ हजारांच्या थोडा वर, आणि त्यातले कितीतरी पंखे घसाऱ्याच्या काळातले जुने आहेत.

काही सवलती अशा की त्यात कोणी कोणाला चेक देत नाही, तरी त्या पैशाच्याच असतात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज न्यायची तर ट्रान्समिशनचं भाडं लागतं, ते ३० जून २०२५ पर्यंत चालू झालेल्या पवन आणि सौर प्रोजेक्टना पूर्ण माफ होतं, आता दरवर्षी २५ टक्क्यांच्या पायरीने लागू होतंय. एसटीचं पार्सल फुकट असेल तर कोल्हापूरचा गूळ ठाण्यात कोल्हापूरच्याच भावात मिळेल, तसंच, कच्छच्या वाऱ्याची वीज इकडे आणायला भाडंच नसेल तर साताऱ्यात कोण लावेल? आपल्या राज्यात नवीन पंखे कमी लागण्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं. दुसरी म्हणजे सक्तीची खरेदी, वीज कंपन्यांनी आणि मोठ्या कारखान्यांनी आपल्या वापरातली ठरावीक टक्के वीज अक्षय ऊर्जेचीच घ्यायची, २०२४-२५ साठी २९.९१ टक्के आणि २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्के, आणि त्यात पवनऊर्जेचा वेगळा कोटा. प्रत्यक्ष वीज घेता येत नसेल तर सर्टिफिकेट विकत घ्यायचं, एक सर्टिफिकेट म्हणजे १००० युनिट. म्हणजे गिऱ्हाईक कायद्यानेच बांधून दिलंय, धंदेवाल्याला यापेक्षा मोठा आधार काय पाहिजे.

आणि तिसरी, वारा आला की पवनऊर्जा आधी घ्यायची, ग्रिडच्या सुरक्षेचा प्रश्न असल्याशिवाय तिला थांबवायचं नाही. याचा कारभार कुठून चालतो माहितीये का? कळव्याहून ऐरोलीकडे ठाणे-बेलापूर रोडने जाताना राज्याचं भार प्रेषण केंद्र लागतं, माझी बस रोज त्याच्यासमोरून जाते. राज्यातल्या पवनचक्क्या उद्या किती वीज देतील याचा अंदाज तिथे पाठवावा लागतो, तो पण पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत, दिवसाचे ९६ तुकडे. अंदाज फार चुकला तर दंड. म्हणजे पूर्वी नुसतं उभं राहण्याचे पैसे मिळायचे, आता फिरशील किती आणि केव्हा तेही आदल्या दिवशी सांगावं लागतं. आमच्या छोट्या पंख्याचं हे काम एक एजन्सी सगळ्यांचं एकत्र करते, तिचं बिल मी दर महिन्याला पास करते.

समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी जून २०२४ मध्ये केंद्राने ७४५३ कोटी मंजूर केलेत, त्यातले ६८५३ कोटी गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ५००-५०० मेगावॅट उभारायला आणि ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. याला म्हणतात व्हायबिलिटी गॅप फंडिंग, म्हणजे खर्चाचं आणि परवडणाऱ्या दराचं गणित जिथे जुळत नाही तेवढी भर सरकारने घालायची. यात आपल्या कोकणचं नाव नाही. पवनचक्कीच्या सामानावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय, तेवढाच प्रोजेक्टचा खर्च हलका.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारतात, आपल्याला यात काय? तर २०२१ मध्ये आयोगाने अशी सोय केली की ज्याला १०० टक्के हरित वीज पाहिजे त्याने युनिटमागे ६६ पैसे जादा भरून ती मागायची. तुमच्या घरात येणारा करंट बदलत नाही, तारेतून सगळी वीज एकत्रच येते, फक्त तुमच्या वापराइतकी अक्षय वीज तुमच्या नावावर धरली जाते. दर पुढे बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या आधी चालू दर बघून घ्या.

आता परत भाच्याच्या पंख्याकडे. त्या पठारावरच्या जागा राज्यातल्या उत्तम वाऱ्याच्या, आणि तिथे उभी आहेत ती बरीचशी दोनशे-तीनशे किलोवॅटची बुटकी जुनी मशीन. आजची मशीन ३ मेगावॅटची, १०० मीटरच्या वर उंच, एकेक आठ-दहा जुन्यांची जागा भरून काढणारी. जुनी काढून नवी लावायला रिपॉवरिंग म्हणतात, त्याचं केंद्राचं धोरण २०१६ ला आलं, २०२३ ला सुधारून आलं. पण २०१६ च्या धोरणातली सवलत काय होती, इरेडाच्या कर्जावर व्याजात पाव टक्का जादा सूट. ५ कोटींचं कर्ज असेल तर वर्षाला सव्वा लाख. वर जीबीआयचा हिशोब केला तो मेगावॅटमागे वर्षाला पावणेनऊ लाखांचा होता. जुना पंखा पुस्तकात कधीच शून्यावर आलाय, जो काय थोडाफार फिरतो तो वरकड, मग सव्वा लाखासाठी मालक क्रेन कशाला बोलावेल? त्यात एका नव्या पंख्याला दहा जुन्यांच्या जागा लागणार, त्यांचे मालक दहा वेगळे, खालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नावंच नावं. माझं म्हणणं असं की इथे परत युनिटवर पैसे द्यावेत, जुन्या मशीनपेक्षा जेवढे जास्त युनिट बनतील तेवढ्यावरच, आणि त्यातला काही भाग ज्या गावच्या जमिनी गेल्या त्या ग्रामपंचायतीला.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं, पाऊण तास लागला. मग त्याने विचारलं, "मावशी, तुमच्या कंपनीचा पंखा फिरतो का पण?" मी जुलैचं स्टेटमेंट काढून बघितलं, फिरतोय, महिन्यात चार दिवस बंद होता, पिच मोटर, म्हणजे पाती वळवणारी मोटर, गेली होती. पुढच्या पावसाळ्यात मी पण त्याच्याबरोबर जाणार आहे, तो म्हणतो एका टोकापासून मोजत जायचं, किती फिरतात आणि किती थांबलेत, आणि थांबलेल्यांच्या टॉवरवरचे नंबर लिहून घ्यायचे.